काठी फिरवणाऱ्याला पारितोषिक नेमकं कशाचं?

षड्जपंचम

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या रेकॉर्डवर ज्याचा स्वतःचा एकही सूर नसतो, नेमकं त्या कंडक्टरचंच, म्हणजे वाद्यवृंदाच्या संचालकाचंच, नाव मुखपृष्ठावर सगळ्यात ठळक असतं. (तोस्कानिनी अपवाद. 1946 च्या 'ला बोएम' या ऑपेरात तो भरात येऊन गायकांबरोबर गातो आणि ते चक्क ऐकू येतं.) पारितोषिकंही त्याच नावावर जमा होत जातात. कंडक्टर जॉर्ज शोल्टीच्या खात्यात 31 ग्रॅमी, म्हणजे अमेरिकेतली रेकॉर्डची पारितोषिकं. शेवटचं 1998 मध्ये, म्हणजे तो गेल्यानंतर. पुढे पंचवीस वर्षं त्या आकड्याला कोणी हात लावला नाही. 2023 मध्ये बियॉन्सेने 32 वं घेतलं तेव्हा अनेकांना हा शोल्टी कोण ते पहिल्यांदा कळलं.

माणूस मोठा होता, वाद नाही. 1969 ते 1991 शिकागो सिंफनी हा वाद्यवृंद त्याच्या हाताखाली ज्या ताकदीने वाजला ते ऐकून थक्क व्हायला होतं. पण ग्रॅमी हा रेकॉर्डला मिळतो. आपण मात्र तो संचालनाच्या गुणवत्तेचा दाखला म्हणून वाचतो, आणि माझी तक्रार तिथे आहे.

शोल्टीचं नाव जगभर झालं ते वाग्नरच्या 'रिंग'मुळे. चार ऑपेरा, 1958 ते 1965, डेक्का कंपनी, व्हिएन्ना फिलहार्मोनिक. संपूर्ण 'रिंग' स्टुडिओत ध्वनिमुद्रित होण्याची ती पहिलीच वेळ. त्यामागचा मेंदू होता निर्माता जॉन कल्शॉ. त्याचं म्हणणं असं की घरी बसून ऐकणाऱ्याला रंगमंच दिसत नाही, तर तो कानाने उभा करून द्यायचा. 'राइनगोल्ड'मध्ये वाग्नरने 18 ऐरणी लिहिल्यात. नाट्यगृहांत तिथे बहुधा काहीतरी थातुरमातुर वाजवून वेळ मारून नेतात. कल्शॉने खऱ्या ऐरणी आणवल्या आणि ठोकायला माणसं बसवली. 'ग्योत्तरडेमरुंग'मध्ये झिगफ्रीड गुंथरचं रूप घेऊन येतो, तिथे टेनर (उंच पट्टीच्या) गायकाचा आवाज यंत्रातून काढून बॅरिटोनकडे, म्हणजे खालच्या पट्टीकडे झुकवला. त्याच ऑपेरासाठी रणशिंगंही खास बनवून घेतली.

आणि जागा? व्हिएन्नाची झोफियनझाल. एकोणिसाव्या शतकात स्नानगृह म्हणून बांधलेली इमारत, पुढे नाचाचं सभागृह झालेली. लाकडी जमिनीखाली जुन्या तलावाची पोकळी तशीच होती, आणि त्या रेकॉर्डमधल्या खालच्या स्वरांना जी ऊब आहे तिचं बरंचसं श्रेय त्या पोकळीला देतात. 2001 मध्ये ती इमारत जळाली.

तर आता सांगा, 'शोल्टीची रिंग' म्हणताना आपण नक्की कोणाची तारीफ करतो? रांधणारा एक, वाढणारा दुसरा आणि ढेकर तिसऱ्याच्या नावाने, असा हा प्रकार वाटतो मला.

तळघर

पूर्ण सहमत. आणि ते 31 सुद्धा नीट मोजून बघा. 1973 च्या समारंभात संगीतकार मालरच्या आठव्या सिंफनीच्या एकाच रेकॉर्डला वर्षातला सर्वोत्तम अभिजात अल्बम आणि सर्वोत्तम समूहगायन, दोन्ही. ध्वनिमुद्रणाचं तिसरं मिळालं ते अभियंत्यांना. त्याच रात्री वाद्यवृंदाचं पारितोषिक मालरच्याच सातवीला, तेही शोल्टी आणि शिकागोच. एका रात्रीत माणूस कुठल्या कुठे! गंमत म्हणजे ती आठवी शिकागोत झालीच नाही. 1971 च्या युरोप दौऱ्यात वाद्यवृंद व्हिएन्नात होता, तेव्हा ती याच झोफियनझालमध्ये उरकली.

वादीसंवादी

उरकली म्हणे! ती रेकॉर्ड ऐकून बोला राव.

मूळ लेखाबद्दल. कल्शॉ थोर, ऐरणी थोर, तलाव थोर. पण यातून कंडक्टर काही करत नाही हे कसं सिद्ध झालं? कंडक्टरचं काम काठी हलते तेव्हा बरंचसं संपलेलं असतं. ते तालमीत होतं. दुसऱ्या व्हायोलिनांना इथे कमी वाजवा, बासूनला (खालच्या स्वरांचं फुंकवाद्य) पुढे येऊ द्या, हा स्वर पूर्ण धरा, तो सोडा. ऐंशी-शंभर माणसांना एकच वाक्य एकाच अर्थाने बोलायला लावायचं असतं.

पुरावा हवा असेल तर घरबसल्या मिळेल. बीथोव्हनची पाचवी. व्हिएन्ना फिलहार्मोनिक, डॉइच ग्रामोफोन कंपनी, व्हिएन्नाचंच मुझिकफेराइन सभागृह. एकदा 1970 च्या सुमाराला कार्ल ब्योमबरोबर आणि एकदा 1974 मध्ये कार्लोस क्लायबरबरोबर. वाद्यवृंद तोच, कंपनी तीच, जागा तीच, मधे फक्त चार वर्षं. बहुतेक वादकसुद्धा तेच असणार. ब्योम ऐका : भारदस्त, ऐसपैस, कुठेही घाई नाही. मग क्लायबर ऐका. पहिल्या चार स्वरांपासून मानगूट धरतो. तिसऱ्या भागातून चौथ्यात जाताना ढोल दबकत वाजत राहतो तिथे श्वास अडकतो, आणि चौथा भाग फुटला की तो पहिला खंड पुन्हा वाजवतो (पुष्कळ जण ही पुनरावृत्ती गाळतात), तरी क्षणभरही लांबल्यासारखं वाटत नाही.

हा फरक कुठल्या निर्मात्याने घातला? कुठल्या तलावाने?

कोमल_ऋषभ

वादीसंवादी, उदाहरण लाजवाब. पण ते उलटं धरूनही बघा. दोन्हीत हॉर्न ऐकलेत? ओबो? (दोन्ही फुंकवाद्यं.) ते दोन्हीकडे व्हिएन्नाचेच वाटतात, कारण ती वाद्यंच वेगळी आहेत. व्हिएन्नातला हॉर्न जुन्या घडणीचा, एकेरी, एफ पट्टीचा. वाजवायला कठीण, चुकला तर साऱ्या गावाला कळतो, पण आवाज मऊ आणि लांब. ओबोचीही तीच कथा. बाकी जग फ्रेंच घडणीचा ओबो वाजवतं, व्हिएन्नावाले नाही. कोणीही येऊन काठी हलवो, हा रंग बदलत नाही.

शिवाय या वाद्यवृंदाला 1933 पासून कायमचा प्रमुख संचालकच नाही. वादक आपला कारभार आपणच बघतात आणि कोणाला बोलवायचं ते तेच ठरवतात. बर्लिन फिलहार्मोनिकला प्रमुख असतो, पण त्याला वादक मतदानाने निवडतात. 1989 मध्ये अबाडो, 1999 मध्ये रॅटल, 2015 मध्ये किरिल पेट्रेंको. कंडक्टर कारायानसारख्या दबदब्याच्या माणसालाही क्लॅरिनेटवादक झाबिने मायरच्या नेमणुकीवरून याच वादकांनी 1982–83 मध्ये रोखलं होतं. मतदानात ती 73 विरुद्ध 4 अशी पडली. (आपल्या मते तिच्यावर अन्यायच झाला, पण तो वेगळा धागा होईल.)

आणि कंडक्टरशिवाय चालतंच नाही असंही नाही. क्रांतीनंतरच्या मॉस्कोत पेर्सिम्फान्स नावाचा वाद्यवृंद 1922 पासून दहा वर्षं संचालकाविना वाजवत होता; वादक एकमेकांकडे बघता यावं म्हणून वर्तुळात बसत. न्यूयॉर्कचा ऑर्फियस चेंबर ऑर्केस्ट्रा 1972 पासून तसाच चालतो. स्ट्राविन्स्कीच्या छोट्या रचनांच्या रेकॉर्डला त्यांना 2001 मध्ये ग्रॅमी मिळाला. कोणाच्या नावावर? वाद्यवृंदाच्या.

वादीसंवादी

ऑर्फियसमध्ये माणसं किती? तीसेक. त्यांना म्हणावं मालरची आठवी काढा बिनकंडक्टरची. मी तिकीट काढून येतो, हेल्मेट घालून.

नवशिकी

वाचतेय. एक बाळबोध प्रश्न विचारते, हसू नका. मला यातलं फारसं कळत नाही, नुकतंच ऐकायला लागलेय. एकाच सिंफनीची शंभर रेकॉर्डिंग्ज समोर येतात. पारितोषिक बघून निवडलं तर चालेल ना? की तेही फसवं?

जुना_टेपरेकॉर्डर

नवशिकी, प्रश्न बाळबोध अजिबात नाही. आधी कोणतं पारितोषिक कोण देतं ते बघायचं.

ग्रॅमी अमेरिकेतल्या रेकॉर्डिंग अकादमीचे सभासद मतदान करून देतात. म्हणजे धंद्यातली माणसं: वादक, गायक, निर्माते, अभियंते. 1959 पासून चालू. नाव ओळखीचं असलं की मतं पडतात, हा त्यातला उघड दोष, आणि अमेरिकन वाद्यवृंदांना झुकतं माप हा दुसरा. 2011 मध्ये त्यांनी एकूण गट 109 वरून 78 वर आणले, त्यात 'सर्वोत्तम अभिजात अल्बम' हा गटच गेला. मला विचाराल तर तोच एक गट कामाचा होता.

इंग्लंडमधल्या 'ग्रामोफोन' मासिकाची पारितोषिकं 1977 पासून. इथे समीक्षकांचा शब्द चालतो, त्यामुळे निवड जास्त धाडसी. पहिल्याच वर्षीचं सर्वोच्च पारितोषिक गेलं झेक संगीतकार यानाचेकच्या 'कात्या काबानोवा'ला, चार्ल्स मॅकेरसच्या संचालनाखाली. तेव्हा हा ऑपेरा झेक प्रदेशाबाहेर किती जणांना माहीत होता? त्या एका पारितोषिकाने यानाचेकच्या पदरात खूप काही टाकलं. पारितोषिकाचा खरा उपयोग असा असतो. उलट 1984 मध्ये त्यांनी कारायान आणि बर्लिनच्या मालर नववीला निवडलं. नावं बडी होती, पण निवड अचूक. त्याने ती थोडंच आधी स्टुडिओत केली होती, पण पारितोषिक मिळालं ते 1982 च्या मैफलीतल्या ध्वनिमुद्रणाला. स्टुडिओतली गुळगुळीत, मैफलीतली जीवघेणी.

जर्मनीतलं एको क्लासिक तर बंदच पडलं. 2018 मध्ये त्याच संस्थेने पॉप विभागात ज्यूद्वेष्ट्या ओळी असलेल्या एका रॅप अल्बमला गौरवलं. कंडक्टर बारेनबोइम आणि पियानिस्ट इगोर लेविट यांनी आपापली पारितोषिकं परत केली आणि महिन्याच्या आत सगळा डोलारा कोसळला. आता त्या जागी ओपस क्लासिक आहे.

फ्रान्समधला 'दियापाझों'चा सुवर्णशिक्काही बघत जा. तिथे चव वेगळी असते आणि जुन्या वाद्यांवरच्या संगीताला मान जास्त.

थोडक्यात, दोन वेगळ्या देशांत एकाच रेकॉर्डचं कौतुक झालं असेल तर डोळे मिटून ऐका. एकट्या ग्रॅमीवर जाऊ नका.

तळघर

समीक्षकांवर इतका भरवसा? जॉइस हॅटो प्रकरण विसरलात वाटतं.

नवशिकीसाठी सांगतो. हॅटो ही इंग्लंडमधली पियानिस्ट. आजारपणामुळे मैफली सोडलेल्या. म्हातारपणी तिच्या नावाने शंभरहून जास्त सीडी निघाल्या. काय नव्हतं त्यात! नवरा त्या काढायचा. समीक्षक वेडे झाले, जगाला न कळलेली महान कलावती वगैरे. 2006 मध्ये ती वारली. 2007 च्या सुरुवातीला कोणीतरी तिची संगीतकार लिस्टच्या रचनांची सीडी संगणकात घातली, तर पडद्यावर भलत्याच पियानिस्टचं नाव आलं. लांबी ताडून बघितली, ध्वनिलहरी ताडून बघितल्या, आणि एकेक सीडी दुसऱ्या कोणाची तरी निघाली.

या धाग्याशी संबंध असा की तिच्या कॉन्चेर्टोंच्या (एक वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनांच्या) सीडींवर कंडक्टर म्हणून रेने क्योलर असं नाव असायचं. असा माणूसच नव्हता! ब्राम्सच्या दुसऱ्या कॉन्चेर्टोत प्रत्यक्षात होते पियानिस्ट अश्केनाझी, कंडक्टर हायटिंक आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिक. रखमानिनोवच्या तिसऱ्यात पियानिस्ट ब्रॉन्फमन आणि कंडक्टर सालोनेन. कोमल_ऋषभ म्हणतात तो व्हिएन्नाचा हॉर्न त्या ब्राम्सच्या सुरुवातीलाच एकटा वाजतो. कोणीही ओळखला नाही.

कोमल_ऋषभ

लागलं ते. 🙂

पण याचा अर्थ फरक नसतो असा होत नाही. नाव बघून ऐकलं की कान नावाच्या मागे जातो, एवढंच.

खर्ज

सगळे कंडक्टर आणि वाद्यवृंद यांच्यातच भांडताय, ज्याने ते लिहिलं त्या संगीतकाराचं काय? ध्वनिमुद्रणाने आणि पारितोषिकांनी खरा फायदा झाला तर त्याचा.

इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनचं 'वॉर रिक्विएम' (मृतांसाठीची प्रार्थना) घ्या. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या कॉव्हेंट्रीच्या कॅथेड्रलशेजारी नवीन उभं राहिलं, त्यासाठी 1962 मध्ये लिहिलेलं. ब्रिटनच्या मनात गायक तीन देशांचे होते : इंग्रज पीटर पिअर्स, जर्मन फिशर-डीस्काऊ आणि रशियन गालिना विश्नेव्हस्काया. सोव्हिएत सरकारने तिला पहिल्या प्रयोगाला येऊच दिलं नाही. 1963 च्या जानेवारीत ध्वनिमुद्रणाला मात्र ती आली. आणि तिथेही निर्माता तोच, कल्शॉ. त्याने तिला दोघा पुरुष गायकांबरोबर पुढे न ठेवता समूहगायकांबरोबर वर सज्जात उभं केलं, कारण रचनेचा अर्थच तसा आहे. पुरुष सैनिकांची कविता गातात, ती लॅटिन प्रार्थना गाते. तिला वाटलं अपमान केला. बाई जमिनीवर पडून किंचाळल्या म्हणे. दुसऱ्या दिवशी आल्या आणि अप्रतिम गायल्या.

त्या रेकॉर्डच्या काही महिन्यांत दोन लाख प्रती गेल्या. एका जिवंत संगीतकाराच्या दीड तासाच्या गंभीर रचनेच्या! पुढच्या वर्षी ग्रॅमीही मिळाले, त्यात एक रचनेसाठीच. इथे संचालक स्वतः ब्रिटन होता, त्यामुळे पारितोषिक नेमकं कशाचं हा षड्जपंचम यांचा प्रश्न निदान इथे तरी सुटतो.

दुसरं उदाहरण फ्लॉरेन्स प्राइसचं. तिची पहिली सिंफनी 1933 मध्ये शिकागो सिंफनीने वाजवली. अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदाने कृष्णवर्णीय स्त्रीची सिंफनी वाजवण्याची ती पहिली वेळ. 1953 मध्ये ती वारली आणि विस्मरणात गेली. 2009 मध्ये इलिनॉयमधलं एक पडकं घर घेणाऱ्या जोडप्याला आत कागदांचे गठ्ठे मिळाले, त्यात तिच्या हस्तलिखितांचा ढीग. 2022 मध्ये तिच्या पहिल्या आणि तिसऱ्या सिंफनीच्या रेकॉर्डला वाद्यवृंदाचा ग्रॅमी मिळाला. फिलाडेल्फिया वाद्यवृंद आणि कंडक्टर नेझे-सेगँ. आणि लगेच 2023 मध्ये पुन्हा तिची रचना असलेल्या रेकॉर्डला, पण या वेळी विजेते कोण? न्यूयॉर्क युथ सिंफनी! बारा ते बावीस वर्षांची पोरं. महासाथीत कार्नेगी हॉलचे कार्यक्रम रद्द झाले म्हणून त्यांनी छोट्या छोट्या गटांत वाजवून ती रेकॉर्ड केली. समोर नामांकनात कंडक्टर दुदामेल होता, बर्लिन फिलहार्मोनिक होतं.

त्या पोरांचा कंडक्टर मायकेल रेपर. नाव किती जणांना माहीत होतं?

तळघर

छोट्या गटांत वाजवून नंतर जोडलेली रेकॉर्ड आणि 'सर्वोत्तम वाद्यवृंद सादरीकरण'. सादरीकरण!

खर्ज

पोरांचं कौतुक करायचं सोडून...

षड्जपंचम

तळघर, जोडाजोडीचं नवल नको. कंडक्टर फुर्टव्हेंगलरच्या 1952 च्या 'ट्रिस्टान'मध्ये (वाग्नरचाच ऑपेरा) गायिका फ्लागस्टाडला वरचा सी झेपत नव्हता, म्हणून ते स्वर दुसरी गायिका श्वार्ट्सकॉप्फने गाऊन दिले. निर्माता वॉल्टर लेग, श्वार्ट्सकॉप्फचा होणारा नवरा. तरीही ती रेकॉर्ड आजही पहिल्या रांगेत आहे आणि तिथेच राहावी.

वादीसंवादींचा ब्योम-क्लायबर मुद्दा मला मान्य आहे आणि तो माझ्या विरोधात जात नाही. क्लायबरने आयुष्यात मोजकीच ध्वनिमुद्रणं केली. पारितोषिकांची संख्या हे माप लावलं तर तो कुठेच नाही. कंडक्टर चेलिबिडाके त्याच्याही पुढचा. त्याचा ध्वनिमुद्रणालाच विरोध; सभागृहातला आवाज तबकडीत बसत नाही म्हणायचा. ब्रुकनरच्या आठव्या सिंफनीला इतर लोक साधारण ऐंशी मिनिटं घेतात, त्याला शंभरच्या वर लागायची, कारण त्या सभागृहात आवाज विरायला जेवढा वेळ लागतो तेवढा तो द्यायचा. म्युनिकमधली त्याची ध्वनिमुद्रणं 1996 मध्ये तो गेल्यावर कुटुंबाच्या संमतीने बाजारात आली. म्हणजे जे संचालनाच्या कलेत सर्वांत टोकाला गेले, त्यांना रेकॉर्डची पारितोषिकं नीट मोजूच शकत नाहीत. शोल्टी मोठा की क्लायबर, हे 31 या आकड्यावरून ठरवणाऱ्यांसाठी हा धागा होता.

वादीसंवादी

मग शीर्षक तसं द्यायचं ना! काठी फिरवणारा वगैरे कशाला.

बाकी चेलिबिडाकेची ती ब्रुकनर आठवी मला अर्ध्यातच सोडावी लागते. सभागृहात बसलो असतो तर कदाचित टिकलो असतो, म्हणजे त्याचंच म्हणणं खरं ठरतं.

नवशिकी

ब्योम आणि क्लायबर दोन्ही ऐकले, पाठोपाठ. मला ब्योम जास्त आवडला! क्लायबर ऐकताना दम लागतो. शेवटचा भाग मात्र त्याचाच. ओबोचं म्हणाल तर पहिल्या भागात सगळे थांबतात आणि तो एकटाच वाजतो, ती जागा दोन्हीत शोधून ऐकली. क्लायबरकडे इतकं पळवून आणून मग अचानक सोडलेलं मोकळं रान, ब्योमकडे नुसता एक उसासा.

आता 'रिंग' कुठून सुरू करू? पंधरा तास आहे म्हणतात.

जुना_टेपरेकॉर्डर

ती ओबोची जागा आपणहून सापडली म्हणजे पुढची काळजी नाही.

शोल्टीचं 'राइनगोल्ड'च घ्या, चारांत सर्वांत छोटं आहे. तिथेही आधी दुसऱ्या प्रवेशाकडून तिसऱ्याकडे जातानाचा भाग लावा, पाताळात उतरतात तो. वाद्यवृंद हळूहळू मागे सरतो आणि नुसत्या ऐरणी उरतात. चांगले हेडफोन लावा. संहिता समोर ठेवा, नाहीतर कोण कोणावर का ओरडतंय ते कळणार नाही.

वादीसंवादी

आणि ते झालं की कंडक्टर योझेफ काइलबर्थची 'रिंग' ऐका. 1955, बायरॉइट (वाग्नर महोत्सवाचं गाव), प्रत्यक्ष प्रयोगातलं ध्वनिमुद्रण. खोकले, पावलांचे आवाज, सगळं आहे. याच डेक्का कंपनीने ही पूर्ण 'रिंग' स्टिरिओत मुद्रित केली होती, शोल्टीच्या तीन वर्षं आधी, आणि मग कपाटात ठेवून दिली. 2006 मध्ये दुसऱ्या एका छोट्या कंपनीने ती बाहेर काढली. तोवर काइलबर्थला जाऊन 38 वर्षं झाली होती.

षड्जपंचम

काइलबर्थची 'व्हाल्क्यूरे' ('रिंग'मधला दुसरा ऑपेरा) माझ्याकडे आहे. गायक हॉटर त्यात व्होटान, म्हणजे देवांचा राजा आहे आणि आवाज शोल्टीच्या वेळेपेक्षा दहा वर्षांनी तरुण. नवशिकी, शेवटचा निरोपाचा प्रसंग आधी त्याचा ऐका, मग शोल्टीकडचा. गायक तोच आहे. कोणता आवडला ते इथेच लिहा.